तोंडी परीक्षेतला लंबक



गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावीला पदार्थविज्ञानात उत्तम गुण, पुढे इंजिनिअरिंगची पदवी. परदेशात पुढचे शिक्षण घ्यायचे म्हणून तिने आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली होती. वाचन, लेखन आणि श्रवण या तिन्ही भागांत तिचे चांगले झाले. संभाषणात मात्र नऊपैकी साडेपाच. विद्यापीठाला हवे होते साडेसहा. हजारो रुपयांची फी गेली होती, आणि अर्जाची मुदतही जवळ आली होती.

"विषय तरी कोणता निघाला?" मी विचारले.

"तेच तर वाईट वाटतं, सर. विज्ञानच निघालं!"

तिला मिळालेल्या कार्डावर, शाळेत केलेल्या आणि लक्षात राहिलेल्या एखाद्या प्रयोगाविषयी बोला, असे होते. तिला नववीतला साधा लंबक आठवला. एका शिकवणी वर्गाने तिच्याकडून विज्ञानावरचा एक उतारा पाठ करून घेतला होता. त्यातली विज्ञानाची व्याख्या तिने घडाघडा म्हणून टाकली. मग प्रयोगाकडे वळली आणि लंबकाला इंग्रजीत काय म्हणतात तेच आठवेना. 'पेंड्युलम' हा शब्द तिने शेकडो वेळा लिहिलेला. पण त्या क्षणी तो जिभेवर येईना. मग गप्प. थोड्या वेळाने पुन्हा व्याख्या. पुन्हा गप्प.

खरे सांगायचे तर मला तिच्यापेक्षा माझीच लाज वाटली. तिच्या प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही माझी आहे. आमच्या तोंडी परीक्षेत आम्ही 'आवर्तकाल म्हणजे काय?' असे विचारतो, मुले पुस्तकातले वाक्य म्हणतात, आणि आम्ही 'पुढचा' म्हणतो. 'तू काय केलेस ते सांग' असे आम्ही फारसे विचारतच नाही. ही परीक्षा नेमके तेवढेच विचारते. तुमच्यापैकी काहींना पुढेमागे ही परीक्षा द्यावी लागेल, आणि जे देणार नाहीत त्यांनाही कुठल्या तरी मुलाखतीत विज्ञानाविषयी इंग्रजीत बोलावे लागेलच. म्हणून या वेळी थोडे वेगळ्या विषयावर लिहितो.

आधी ही परीक्षा कशी असते ते पाहू या. आयईएलटीएस १९८९ साली सुरू झाली. तिचा संभाषणाचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. समोर एकच परीक्षक. पहिली चार-पाच मिनिटे घर, शिक्षण, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर छोटे प्रश्न. मग एक कार्ड देतात. तयारीला एक मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते, आणि त्यानंतर एक ते दोन मिनिटे तुम्ही एकट्याने बोलायचे. शेवटची चार-पाच मिनिटे त्याच विषयाला धरून जरा व्यापक चर्चा. विज्ञान या तिन्हीपैकी कुठेही येऊ शकते, किंवा मुळीच येणार नाही.

गुण चार गोष्टींना, आणि चौघींचे वजन सारखे. बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. यात 'विज्ञानाचे ज्ञान' कुठे आहे का? नाही. परीक्षक तुमचे पदार्थविज्ञान तपासत नाही. न्यूटनचा दुसरा नियम तिसरा म्हणून सांगितलात तरी त्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत. (मला हे लिहिताना त्रास होतो, पण आहे ते असे आहे.) मग पाठ केलेल्या व्याख्येचा उपयोग काय? जवळजवळ शून्य. पाठांतराची लय वेगळी असते आणि ती जाणत्या कानाला लगेच कळते. शिवाय व्याख्या संपली की पुढे काय बोलायचे हा प्रश्न तसाच उरतो.

शब्दसंपत्तीच्या निकषात एक बाब आहे, ती माझ्या विद्यार्थिनीला कोणी सांगितली नव्हती. नेमका शब्द सुचत नसेल तर तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगता येणे हे तिथे कौशल्य मानले जाते. त्याबद्दल गुण जात नाहीत, उलट मिळतात. 'पेंड्युलम' आठवला नाही? 'अ स्मॉल मेटल बॉल हँगिंग ऑन अ थ्रेड' म्हणा. दोऱ्याला टांगलेला धातूचा लहान गोळा. झाले! परीक्षकाला वस्तू दिसली आणि तुमचा ओघही तुटला नाही. बहुधा पुढच्या दोन वाक्यांत खरा शब्दही आठवेल.

हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पण सर, ते फार बाळबोध वाटतं." मराठी शाळेतून आलेल्या मुलांची ही समजूत पक्की असते. 'अपवर्तन' माहीत असते, 'रिफ्रॅक्शन' माहीत असते. पण 'लाइट बेंड्स', प्रकाश वाकतो, असे म्हणायला संकोच वाटतो. शास्त्रज्ञ आपसांत बोलतात तेव्हा असेच बोलतात हो! पारिभाषिक शब्द ही लघुलिपी आहे. ज्याला लांब वाक्य बोलता येते त्याने ती वापरावी.

आता तो लंबक पुन्हा टांगू या. मी तिला घरातच प्रयोग करायला लावला. पडद्याच्या दांडीला दोरा, दोऱ्याला एक लहान कुलूप. टांगलेल्या ठिकाणापासून कुलपाच्या मध्यापर्यंत एक मीटर. थोडेसेच बाजूला ओढून सोडले आणि वीस आंदोलने मोजली. चाळीस सेकंद लागले. मग कुलूप काढून त्याहून जड कुलूप लावले, लांबी तेवढीच ठेवली. पुन्हा चाळीस. मग लांबी चौथाई केली, म्हणजे २५ सेंटिमीटर. आता वीस आंदोलनांना वीस सेकंद. लांबी चौथाई, वेळ मात्र निम्मा.

"आता हेच मला मराठीत सांग," मी म्हणालो. गंमत अशी की ती मराठीतही अडखळली. 'आवर्तकाल हा लांबीच्या वर्गमुळाच्या समप्रमाणात असतो' हे वाक्य तिने लगेच म्हटले, पण 'आधी आम्ही काय केले, काय होईल असे वाटले होते, आणि झाले काय' हे सांगता येईना. ज्याला 'इंग्रजी कच्चे' म्हणतात त्याचा बराचसा भाग हा असा असतो.

मग आम्ही चार टप्पे ठरवले. काय केले, काय होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात काय झाले, आणि तसे का झाले असावे. जड कुलूप सावकाश हलेल असे तिला वाटले होते. तसे झाले नाही. का? जड वस्तूवर पृथ्वीचे बल जास्त, पण तिला हलवायलाही तितक्याच पटीने जास्त बल लागते. दोन्ही एकमेकांना फेडून टाकतात. एवढे सांगायला दीड मिनिट आरामात जाते. तयारीच्या एका मिनिटात वाक्ये लिहू नका. 'कुलूप, जड कुलूप, चाळीस-चाळीस, दोरा आखूड' एवढेच शब्द कागदावर असले की पुरे. मराठीत लिहिलेत तरी चालेल. तो कागद तपासायचा नसतो.

व्याकरण इथे आपोआप सुधारते, कारण या चार टप्प्यांना काळ ठरलेले आहेत. केले ते भूतकाळात : 'वुई टाइड', 'वुई काउंटेड'. नियम सांगायचा तो साध्या वर्तमानकाळात : 'द टाइम डिपेंड्स ऑन द लेंग्थ'. आपली मुले हमखास 'इज डिपेंडिंग' किंवा 'इज डिपेंड' म्हणतात, कारण मराठीत आपण 'अवलंबून असतो' म्हणतो आणि तो 'असतो' इंग्रजीत 'इज' होऊन डोकावतो. निसर्गाचे नियम आज चालू आणि उद्या बंद असे नसतात, म्हणून तिथे 'इंग' नको. हे कारण लक्षात ठेवलेत तर नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. तसेच दोऱ्याचा उल्लेख पहिल्यांदा येतो तेव्हा 'अ थ्रेड', त्यानंतर तोच दोरा 'द थ्रेड'. मराठीत अशी उपपदे नाहीत, त्यामुळे आपण ती गाळतो.

मराठीच्या सवयींमुळे विज्ञान बोलताना आणखी काही जागी पाय घसरतो. आपण म्हणतो, 'मला करंट लागला.' इंग्रजीत करंट वाहतो. लागतो तो 'शॉक'. आपण म्हणतो, 'लाइट गेली.' परीक्षकाला वाटेल दिवा कुठे गेला? तिथे 'पॉवर' जाते. आपला 'शोध' तर सर्वांत फसवा. रामन यांनी शोध लावला आणि ग्रॅहॅम बेलनेही शोध लावला. आपल्याला एकच क्रियापद पुरते. इंग्रजीत दोन आहेत. निसर्गात होतेच, ते सापडले, तर 'डिस्कव्हर'. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणातला परिणाम सापडला, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी. म्हणून तो आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. नव्हते ते घडवले, तर 'इन्व्हेंट'. बेलने १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेतले. 'न्यूटन इन्व्हेंटेड ग्रॅव्हिटी' असे म्हणणारा विद्यार्थी मला दर वर्षी एक तरी भेटतो. न्यूटनच्या आधी आंबे वर पडत होते की काय? आणि हो, तुमचे पदार्थविज्ञानाचे सर हे 'फिजिसिस्ट' असू शकतील. 'फिजिशियन' म्हणजे डॉक्टर. मला एकदा त्या नावाने संबोधून झाले आहे.

आकड्यांचेही तसेच. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर हे आपल्याला पाठ असते, पण समोरच्या परीक्षकाला लाख माहीत असेलच असे नाही. 'थ्री हंड्रेड थाउजंड' म्हणा. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. बोलताना हा हिशेब डोक्यात करू गेलात तर ओघ तुटतो, म्हणून नेहमीचे चार-पाच आकडे आधीच दोन्ही पद्धतींनी म्हणून ठेवावेत.

उच्चारांविषयी फार घाबरू नका. साहेबासारखे बोलणे अपेक्षित नाही, समजेल असे बोलणे अपेक्षित आहे. मराठी माणसाला तर एक फायदा आहे. आपण 'वेव्ह' लिहितो तेव्हा पहिला 'व' आणि शेवटचा 'व्ह' वेगळे लिहितो, आणि इंग्रजीतही ते दोन ध्वनी वेगळेच आहेत. पहिल्याला ओठ गोल करा, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला लावा. 'वेट' आणि 'व्हेलॉसिटी' एकापाठोपाठ म्हणून पाहा. आपल्याला अवघड जातो तो आघात. मराठीत आपण सगळी अक्षरे साधारण सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर असतो आणि शब्द वाढला की तो जोर सरकतो. 'इलेक्ट्रिक' मध्ये 'लेक'वर, 'इलेक्ट्रिसिटी'त 'ट्रि'वर. 'एक्स्पेरिमेंट' मध्ये 'पे'वर, 'टेम्परेचर' मध्ये अगदी पहिल्या 'टें'वर. शब्दकोशात आघाताची खूण दिलेली असते. आपण फक्त अर्थ पाहून पान उलटतो.

पहिल्या भागातले प्रश्न सोपे असतात. विज्ञान आवडते का? कोणता विषय? इथे नुसते 'येस' पुरत नाही आणि निबंधही नको. दोन-तीन वाक्ये, आणि त्यांतले एक स्वतःचे. 'मला आवडत नाही' असे उत्तरही चालते, पण का ते सांगा.

शेवटच्या चर्चेत मात्र भलेभले हवेत जातात. 'विज्ञान हे वरदान आहे की शाप?' या आपल्या शाळेतल्या निबंधाने जितके नुकसान केले आहे तितके क्वचितच कशाने केले असेल! समजा विचारले, अवकाश संशोधनावर सरकारने पैसा खर्च करावा का? 'विज्ञानाने मानवाची प्रगती झाली आहे' असे म्हणालात तर पुढे बोलायला काही उरत नाही. त्याऐवजी एक घटना पकडा. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशावर महाचक्रीवादळ आले, त्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१९ च्या मे महिन्यात त्याच किनाऱ्यावर 'फनी' हे मोठे वादळ आले. या वेळी वादळाच्या मार्गाचा अंदाज आधीच हाती होता, दहा लाखांहून अधिक लोकांना हलवले गेले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे उपग्रहांनी केले का? एकट्या उपग्रहांनी नाही. किनाऱ्यावर निवारे बांधले होते, गावोगाव सूचना पोचल्या, लोकांनी ऐकले. पण वादळ कुठे आहे आणि कुठे चालले आहे हे समुद्रावर डोळा ठेवल्याशिवाय कळले नसते. पाहा, यात बाजू मांडली, उदाहरण दिले आणि स्वतःच आक्षेप घेऊन त्याला उत्तरही दिले. कोणी म्हणेल, चांद्रयानाचे काय? चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटी रुपयांत २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. त्याने वादळ कळत नाही, हे मान्य करा आणि मग तुमचे मत सांगा. मान्य करणे म्हणजे हरणे नव्हे.

'का' आणि 'जर-तर' यांचा सराव करायला मी तिला माठ दिला. म्हणजे विषय दिला. माठ तिच्या आजीकडे होताच. माठातले पाणी गार का होते? मातीला बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपते आणि बाहेरच्या बाजूने त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. किती? नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० जूल लागतात. माठात १० लिटर पाणी आहे आणि त्यातले १०० ग्रॅम उडून गेले असे धरू. म्हणजे २,४०,००० जूल गेले. १० लिटर पाणी एक अंश गार करायला सुमारे ४२,००० जूल काढावे लागतात. भागाकार करा. साडेपाच-सहा अंशांचा फरक! अर्थात बाहेरच्या गरम हवेतून उष्णता आत येतच असते, म्हणून शंभर ग्रॅममागे प्रत्यक्ष फरक यापेक्षा कमी पडतो.

यात 'बिकॉज' आणि 'सो' किती वेळा आले पाहा. आता 'इफ' घ्या. हवा आधीच दमट असेल तर पाणी सावकाश उडते आणि माठ फारसे गार करत नाही. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात माठ जसा काम करतो तसा रत्नागिरीच्या जुलैत करत नाही. 'इफ द एअर इज डॅम्प, द पॉट डज नॉट कूल वेल.' दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ, कारण हे नेहमीच तसे होते. यात 'इव्हॅपोरेशन' आणि 'लेटंट हीट' आले तर सोन्याहून पिवळे, नाही आले तर 'द वॉटर ड्राइज अप अँड टेक्स हीट अवे' म्हणा. परीक्षकाने असा माठ कधी पाहिलाही नसेल. मग तो ऐकेलच.

हे सगळे आम्ही पंधरा दिवस, संध्याकाळी अर्धा तास असे केले. आधी मराठीत सांगायचे, मग इंग्रजीत, मग मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून स्वतःच ऐकायचे. स्वतःचा आवाज ऐकणे तिला पहिले तीन दिवस नको वाटले. नंतर तीच मला चुका दाखवू लागली, माझ्यासुद्धा. माझ्या 'टेम्परेचर'वर तिने दोनदा बोट ठेवले.

दुसऱ्या वेळच्या परीक्षेत विज्ञानाचा एकही प्रश्न आला नाही. शेजाऱ्यांबद्दल विचारले, आणि कार्डावर होते : कुठे तरी पोचायला उशीर झाला तो प्रसंग सांगा. तिने घाटात बंद पडलेल्या एसटीची हकिगत सांगितली. 'क्लच' म्हणजे काय हे मात्र तिला दुसऱ्या शब्दांत सांगावे लागले. संभाषणात सात मिळाले. अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी गेला.

तुम्ही घरी एवढे करून पाहा. फ्रिजमधल्या गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवा. थोड्या वेळाने तो बाहेरून ओला होतो. पेला गळत नाही हे आधी सिद्ध करा. पाण्यात थोडे कुंकू मिसळले तर ते सोपे जाईल. मग आजीला मराठीत समजावून सांगा की ते पाणी कुठून आले. तिला पटले, की मित्राला घड्याळ लावायला सांगून तेच दीड मिनिटात इंग्रजीत सांगा. अट एकच : 'कंडेन्सेशन' हा शब्द वापरायचा नाही.